अजिंक्यपद एकट्याचे असते काय?

मार्च २०२४ मध्ये वानखेडे मैदानावर मुंबईने रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विदर्भाचा १६९ धावांनी पराभव केला. त्यानंतरचे काही दिवस नागपुरात एकच प्रश्न चर्चिला जात होता. आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात, धरमपेठेतील चहाच्या टपरीवर आणि बर्डीहून सुटणाऱ्या बसगाडीतही मी तो ऐकला. अक्षय वाडकर हा चांगला यष्टिरक्षक आहे, धीराचा फलंदाज आहे, हे सारे मान्य. पण करंडक जिंकून देणारा कर्णधार तो आहे काय? फैज फजलने दोन करंडक आणले, वाडकरला पहिलाच अंतिम सामना पेलला नाही, सबब कर्णधार बदलावा, असा एका पक्षाचा आग्रह होता. त्याला आणखी एक संधी द्या, तो जिंकून दाखवील, असे दुसरा पक्ष म्हणत होता. दोहोंत हमरीतुमरी चालली होती खरी. परंतु एका गोष्टीवर त्यांचे पूर्ण एकमत होते. करंडक कर्णधार जिंकतो किंवा कर्णधार हरतो, याविषयी कोणालाच शंका नव्हती. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे तो नेमका या एकमतावर.

त्या सामन्याचा धावफलक ज्यांनी नीट पाहिला असेल त्यांना आठवेल की, मुंबईच्या २२४ धावांना उत्तर देताना विदर्भाचा पहिला डाव अवघ्या १०५ धावांत आटोपला आणि सामना वस्तुतः तेथेच हातचा गेला. पुढे मुंबईने ४१८ धावा करून ५३८ धावांचा डोंगर समोर उभा केला. त्या डोंगरावर चढताना ज्याने १०२ धावा काढल्या तो हाच वाडकर. हर्ष दुबेला साथीला घेऊन तो पाचव्या दिवशीही खेळपट्टीवर ठाण मांडून होता. विदर्भ ३६८ पर्यंत पोहोचला तो प्रामुख्याने त्यांच्यामुळे. तरीही पराभवाची पावती फाडली गेली ती कर्णधाराच्या नावाने.

नंतरच्या वर्षी, २ मार्च २०२५ रोजी, जामठ्याच्या मैदानावर याच वाडकरने रणजी करंडक उंचावला. केरळविरुद्धचा तो सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला. या सामन्यात वाडकरच्या नावावर ना शतक होते ना अर्धशतक. ३ बाद २४ अशी केविलवाणी अवस्था असताना दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली. मालेवारने पहिल्या डावात १५३, तर नायरने दुसऱ्या डावात १३५ धावा काढल्या. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील बळींचा विक्रम केला आणि यश राठोडने ९६० धावा जमविल्या. गंमत अशी की, वर्षभरापूर्वी कर्णधार बदला म्हणणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी आता 'शांत डोक्याचा कर्णधार' या विषयावर मला व्याख्यान देत होते.

वाडकरचाच हिशेब पुढे नेऊ. जानेवारी २०१८ मध्ये विदर्भाने इंदूरला पहिला करंडक जिंकला तेव्हा तो कर्णधार नव्हता. त्याने १३३ धावा केल्या आणि संघ जिंकला. २०२४ मध्ये त्याने शतक केले आणि संघ हरला. २०२५ मध्ये पन्नाशीही गाठली नाही आणि संघ जिंकला. विद्यार्थ्यांना सांख्यिकीचे प्राथमिक धडे देताना दोन राशींमध्ये सहसंबंध नसणे म्हणजे काय, हे समजावण्यासाठी आम्ही बाजारभावांची कृत्रिम उदाहरणे तयार करतो. यापुढे ती तसदी मी घेणार नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने क्रिकेटविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु संयुक्त उत्पादनाचा प्रश्न हा आमच्या शास्त्रातील जुना व कठीण प्रश्न आहे. आर्मेन अल्चियन आणि हॅरॉल्ड डेमसेट्झ या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये त्यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यातले उदाहरण साधे आहे. दोन माणसे मिळून जड माल उचलतात आणि ट्रकमध्ये चढवितात. दिवसाअखेर किती माल चढला हे मोजता येते. पण त्यातला पहिल्याने किती चढविला आणि दुसऱ्याने किती, हे मालाकडे पाहून सांगता येत नाही. आपल्या कळमना बाजारात दोन हमाल एक पोते दोन टोकांना धरून उचलतात, तेव्हा अर्धे पोते याचे आणि अर्धे त्याचे असे नसते. एकाने हात सोडला तर अर्धे पोते उचलले जात नाही, सबंध पोते खाली येते. क्रिकेटमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे धावा आणि बळी स्वतंत्र लिहिलेले असतात, म्हणून वाटणी स्पष्ट झाल्याचा भास होतो. विजय मात्र त्या वहीत कोणाच्याच खात्यावर मांडलेला नसतो.

इंदूरचा तो सामना या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. विदर्भ रणजी स्पर्धेत १९५७-५८ पासून खेळत आहे. म्हणजे पहिल्या करंडकासाठी साठ वर्षे थांबावे लागले. त्या अंतिम सामन्यात विदर्भाचा सर्वांत नामांकित गोलंदाज उमेश यादव खेळलाच नाही. तो भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता. त्याच्या अनुपस्थितीत आदित्य ठाकरे (नामसाधर्म्याने वाचकांनी दचकू नये) या नवख्या गोलंदाजाने प्रथम श्रेणीतील पहिलाच सामना खेळला, आणि तोही रणजीचा अंतिम सामना. स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर असलेल्या रजनीश गुरबानीने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेऊन दिल्लीला २९५ धावांत रोखले. कर्णधार फजलने ६७ आणि वसीम जाफरने ७८ धावा केल्या, पण सामन्याचे पारडे फिरले ते त्यानंतर. सहा गडी बाद झाल्यावर वाडकरला साथ दिली ती गोलंदाज म्हणून संघात असलेल्या दोघांनी. आदित्य सरवटेने ७९ आणि सिद्धेश नेरळने ७४ धावा काढल्या. धावसंख्या ५४७ वर गेली, आघाडी २५२ धावांची झाली आणि दिल्लीचा कणा मोडला. दिल्लीतर्फे ध्रुव शोरीने १४५ धावा केल्या होत्या. एवढे करूनही तो हरला. पुढे तोच शोरी विदर्भाकडून खेळू लागला आणि २०२५ च्या विजेत्या संघात होता; त्या अंतिम सामन्यातील पहिल्या डावात त्याच्या धावा १६. आता शोरी जिंकणारा खेळाडू म्हणायचा की हरणारा?

२०१९ चा अंतिम सामना तर आपल्या डोळ्यांदेखत, जामठ्यालाच झाला. सौराष्ट्राकडे चेतेश्वर पुजारा होता. नुकताच तो ऑस्ट्रेलियात तीन शतकांसह ५२१ धावा करून, भारताला तेथील पहिला मालिकाविजय मिळवून देऊन परतला होता. उपांत्य सामन्यातही त्याने कर्नाटकाविरुद्ध नाबाद शतक ठोकले होते. एका खेळाडूच्या बळावर करंडक मिळत असता तर तो त्या वर्षी राजकोटला जायला हवा होता. पुजाराच्या दोन डावांतील धावा होत्या १ आणि ०. दोन्ही वेळा त्याला बाद केले सरवटेने, ज्याने सामन्यात ११ बळी घेतले. आणि त्याच सामन्यात विदर्भाला पहिल्या डावात पाच धावांची निसटती आघाडी मिळाली ती कोणामुळे? यवतमाळ जिल्ह्यातून आलेल्या, दोन्ही हातांनी गोलंदाजी करणाऱ्या अक्षय कर्णेवारने तळाला येऊन नाबाद ७३ धावा केल्या, त्यामुळे. त्या ७३ धावांची आठवण आज किती जणांना आहे, हे वाचकांनी स्वतःशीच पडताळून पाहावे. सरवटेची कथा आणखी पुढची. २०२५ च्या अंतिम सामन्यात तो केरळच्या बाजूने खेळत होता व त्याने ७९ धावाही केल्या. २०१९ चा नायक प्रतिस्पर्ध्यांकडे असतानाही विदर्भ जिंकला.

दैवाचा भाग वेगळाच. डिसेंबर २०१७ मध्ये ईडन गार्डन्सवरील उपांत्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकाला पाच धावांनी हरविले. पाच धावा म्हणजे बॅटची कड घेऊन स्लिपमधून गेलेला एक चौकार आणि एक चोरटी धाव. त्या निघाल्या असत्या तर फजल हा 'जिंकून न देणारा' कर्णधार ठरला असता, आणि त्याच्या अंगच्या गुणांत मात्र तसूभरही फरक पडला नसता. केरळ २०२५ च्या अंतिम फेरीत आले ते तर याहून विलक्षण रीतीने. गुजरातच्या शेवटच्या फलंदाजाने मारलेला चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आपटून उडाला आणि स्लिपमध्ये कर्णधार सचिन बेबीच्या हातात विसावला. त्यामुळे केरळला पहिल्या डावात दोन धावांची आघाडी राहिली. हा झेल कोणत्या नेतृत्वगुणात धरावयाचा?

नागपूरकरांना आणखी एक दिवस विसरता येणार नाही. १२ मार्च २०११ रोजी विश्वचषकाच्या सामन्यात जामठ्याला सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १११ धावा केल्या. भारत १ बाद २६७ वर होता. तेथून उरलेले नऊ गडी २९ धावांत गेले आणि आपण तीन गड्यांनी हरलो. त्या संपूर्ण स्पर्धेत भारताचा तेवढाच एक पराभव झाला, आणि तो आपल्या सर्वश्रेष्ठ फलंदाजाच्या शतकाच्या दिवशी. तीन आठवड्यांनी वानखेडेवर विश्वचषक जिंकला तेव्हा तेंडुलकरच्या धावा होत्या १८. त्याआधी १९९६ मध्ये ५२३ आणि २००३ मध्ये ६७३, अशा दोन्ही स्पर्धांत सर्वाधिक धावा काढूनही तो रिकाम्या हाताने परतला होता. 'मोठ्या सामन्यात तो खेळत नाही' हे वाक्य आपल्याच देशात, आपल्याच घरांत बोलले जात होते. २ एप्रिल २०११ च्या रात्रीपासून ते बोलणे बंद झाले. मधल्या काळात बदलला होता तो त्याच्या भोवतीचा संघ.

हा दोष केवळ आपलाच नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळात 'क्वार्टरबॅक' नावाचा एक सूत्रधार खेळाडू असतो. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. अमुक क्वार्टरबॅक अजिंक्यपद मिळवू शकेल काय, यावर तेथे हिवाळाभर वाद झडतात. मायामीच्या डॅन मरिनोने १९८४ च्या हंगामात फेकीचे तोवरचे अनेक विक्रम मोडले, पण अंतिम सामन्यात त्याचा संघ सॅन फ्रान्सिस्कोकडून हरला. सतरा हंगाम खेळूनही त्याला अजिंक्यपद लाभले नाही. उलट जानेवारी २००१ मध्ये बाल्टिमोरचा संघ विजेता ठरला तो अभेद्य बचावफळीच्या जोरावर. त्यांचा क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर इतका सामान्य गणला गेला की, विजयानंतर संघाने त्याला ठेवूनही घेतले नाही. आपल्या इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०२५ च्या हंगामासाठी लखनौने खेळाडूंवर खर्चावयाच्या १२० कोटींपैकी २७ कोटी एकट्या ऋषभ पंतवर लावले. संघ बाद फेरीतही पोहोचला नाही. पंतने काही पाप केले असे नव्हे. एकाच्या पदरात इतके पडल्यावर बाकीच्या जागा भरावयाला हात आखडणार, हे कोणत्याही गृहिणीला कळते. विराट कोहलीने २०१६ मध्ये ९७३ धावा केल्या, तेव्हा बंगळूर अंतिम सामना हरले. जून २०२५ मध्ये ते प्रथमच जिंकले तेव्हा त्याच्या हंगामातील धावा ६५७ होत्या आणि कर्णधार होता रजत पाटीदार.

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेता येतो, आणि तो मला टाळावयाचा नाही. चंद्रकांत पंडित यांचे काय? त्यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईने तीन, विदर्भाने दोन आणि मध्य प्रदेशाने एक रणजी करंडक जिंकला. संघ बदलले, माणसे बदलली, पंडित तेवढे कायम राहिले. एका व्यक्तीच्या प्रभावाचा याहून सबळ पुरावा कोणता? मी तो पुरावा मानतो. परंतु त्याच पंडितांनी १९९९ मध्ये मध्य प्रदेशाचे कर्णधारपद भूषविताना, पहिल्या डावात आघाडी मिळवूनही, बंगळूरला कर्नाटकाविरुद्धचा अंतिम सामना गमावला होता. त्याच मैदानावर २०२२ मध्ये ते प्रशिक्षक म्हणून जिंकले. माझ्या समजुतीप्रमाणे, कर्णधाराला एका सामन्यात अकरा माणसे हाती येतात तशी वापरावी लागतात. प्रशिक्षकाला हंगामापूर्वी महिनोन्‌महिने त्या माणसांवर काम करता येते. पंडितांच्या कडक शिस्तीच्या गोष्टी सर्वांनी ऐकल्या आहेत. त्या शिस्तीचा उपयोग जाफरसारख्या पक्व फलंदाजाला फारसा नव्हता. तो होता आठव्या, नवव्या क्रमांकावरच्या माणसाला. आणि पंडित गेल्यावरही २०२५ मध्ये उस्मान घनी यांच्या प्रशिक्षणाखाली विदर्भ जिंकला. वयोगटांचे संघ, निवासी अकादमी, जामठ्याचे मैदान, अशी वर्षानुवर्षांची उभारणी मागे होती म्हणूनच ते शक्य झाले.

या ठिकाणी मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, नोकरीत नवा असताना, एका महाविद्यालयाच्या क्रिकेट संघाची जबाबदारी माझ्याकडे आली होती. संघात एक मुलगा असामान्य फलंदाज होता. साहित्यासाठी मिळालेली तुटपुंजी रक्कम मी जवळजवळ सगळी त्याच्या एका उत्तम बॅटवर खर्च केली. यष्टिरक्षकाने नवे हातमोजे मागितले होते. जुन्यांची शिवण उसवली होती. 'या वर्षी चालवून घे,' असे मी त्याला सांगितले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या निर्णायक सामन्यात आम्ही १३ धावांनी हरलो. आमच्या फलंदाजाने ८६ धावा केल्या होत्या. प्रतिस्पर्ध्यांना बाय म्हणून दिलेल्या धावा होत्या २१. दुसऱ्या दिवशी शिक्षककक्षात सर्वांचे मत पडले की, पोरगा गुणी आहे, पण मोक्याच्या वेळी बाद होतो. हातमोज्यांची गोष्ट मला ठाऊक होती. मी बोललो नाही. ते मत त्या मुलाच्या कानांवर गेलेच. पुढच्या वर्षी संघनिवडीच्या यादीत त्याने नाव घातले नाही.

मायकेल क्रेमर यांचा १९९३ चा निबंध मी त्यानंतर काही वर्षांनी वर्गात शिकवू लागलो. जानेवारी १९८६ मध्ये 'चॅलेंजर' हे अमेरिकेचे अंतराळयान उड्डाणानंतर काही क्षणांत फुटले, सात जण प्राणांस मुकले, आणि कारण निघाले एक रबरी कडे. क्रेमर यांचे म्हणणे असे की, ज्या उत्पादनात अनेक कामे एकमेकांत गुंतलेली असतात, तेथे कामांच्या गुणवत्तेची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. एक अवयव शून्याजवळ गेला की बाकीचे कितीही मोठे असोत, उत्तर शून्याजवळ जाते. वर्गात हे सूत्र फळ्यावर लिहिताना मला दरवेळी ते उसवलेले हातमोजे दिसतात.

यात केवळ खेळाच्या गप्पा असत्या तर मी एवढी शाई खर्च केली नसती. चुकीच्या प्रश्नाने माणसांची आयुष्ये मोजली जातात. फैज फजल भारतासाठी एकच एकदिवसीय सामना खेळला, जून २०१६ मध्ये हरारे येथे. नाबाद ५५ धावा केल्या, पुन्हा त्याला बोलावले नाही. त्यानंतर विदर्भाला दोन करंडक मिळवून देणारा कर्णधार म्हणून त्याची आरती झाली. पण २०१७ पूर्वी तो कोण होता? तोच होता; २००३-०४ पासून विदर्भाच्या डावाची सुरुवात करीत होता. ज्या वर्षांत करंडक आला नाही ती वर्षे वाया गेली असे ज्यांना वाटते, त्यांना त्या वर्षांत सलामीला उतरणारा माणूस दिसलेला नसतो.

शिक्षणक्षेत्रात आम्ही याहून वेगळे वागत नाही. बारावीचा निकाल लागला की चौकाचौकांत प्रथम आलेल्या विद्यार्थ्याचे छायाचित्र असलेले फलक लागतात आणि ते यश संस्थाचालकाचे किंवा एखाद्या 'सरां'चे म्हणून मिरविले जाते. त्याच संस्थेत गणिताच्या तासाला महिनोन्‌महिने शिक्षक नसतो, प्रयोगशाळेतील साहाय्यकाची जागा रिकामी असते, याचा फलक कोणी लावीत नाही. नापास झालेल्या मुलाच्या बाबतीत मात्र संस्थाचालक, सर, प्रयोगशाळा हे सारे एकाएकी अदृश्य होतात आणि अपयश एकट्या मुलाचे उरते. यशाचा एक धनी आणि अपयशाचा एक आरोपी शोधण्याची ही वृत्ती जेथे आहे, तेथे मधल्या माणसांवर पैसा खर्चावा असे कोणाला वाटणार?

रणजीचा नवा हंगाम आला की वाडकर पुन्हा जिंकून देईल काय, हे विचारले जाईल; विचारणाऱ्यांना अडविण्याचा अधिकार मला नाही. माझे प्रश्न वेगळे आहेत. हर्ष दुबेला भारतीय संघाने नेले तर त्याच्या जागी तयार असलेला डावखुरा फिरकी गोलंदाज कोण? वाडकरच्या बोटाला दुखापत झाली तर यष्टींमागे कोण उभा राहील, आणि त्याने गेल्या वर्षभरात किती सामने यष्टिरक्षण केले? सात गडी बाद झाल्यावर येणाऱ्याला जाळ्यात फलंदाजीचा सराव रोज किती वेळ मिळतो? यवतमाळहून कर्णेवार आला, वर्ध्याहून दर्शन नळकांडे आला. गडचिरोली आणि बुलडाण्याच्या मुलाला हिरवळीची खेळपट्टी पहिल्यांदा कोणत्या वयात पाहावयास मिळते? आमच्या शिक्षककक्षात हे प्रश्न मी काढले तेव्हा ते ज्येष्ठ सहकारी क्षणभर थांबले, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, ते सगळे ठीक, पण कर्णधार कोण?